आधी रविवार पहाटेचे रीडिंग पाहा, मग सौर पॅनेल

संपादक महोदय,

विद्यापीठाच्या इमारतींतील वीजबचतीचा विषय निघाला की चर्चा लगेच गच्चीवरच्या सौर पॅनेलवर जाते. पॅनेल जरूर बसवावेत, पण त्याआधी इमारतीत कोणी नसताना जळणारी वीज थांबवायला हवी. वर्षाचे तास ८,७६०. एखादा वर्ग रोज ८ तास आणि वर्षातून २२० दिवस भरला, तरी वापराचे तास होतात १,७६०. उरलेला सुमारे ८० टक्के वेळ खोली रिकामी असते आणि त्यातला बराचसा रात्रीचा, म्हणजे सौर पॅनेल काहीच देत नाही तेव्हाचा असतो.

ही गळती शोधायला महागडा सल्लागार लागत नाही. मुख्य मीटरमध्ये दर १५ किंवा ३० मिनिटांची नोंद साठत असते. ती उतरवून घ्यावी. रविवारी पहाटे २ ते ४ या वेळचा भार कामाच्या दिवशीच्या दुपारच्या भाराशी ताडून पाहावा. मग त्याच वेळी प्रत्येक इमारतीच्या वितरण पॅनेलवर क्लॅम्प मीटर (तार न तोडता तिच्याभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणारे उपकरण) लावून प्रत्येक फीडरचे, म्हणजे पॅनेलमधून निघणाऱ्या प्रत्येक मुख्य तारेचे, अँपिअर लिहून काढावेत. शीतगृह, सर्व्हर, प्रयोगशाळेतले फ्रीझर, सुरक्षेचे दिवे हे चालूच राहणार. बाकी जे सापडेल त्याचे कारण विचारावे.

बहुतेक वेळा कारण एकच निघते. परीक्षेच्या किंवा कार्यक्रमाच्या दिवशी कोणी तरी एअर हँडलिंग युनिटचा (खोल्यांत थंड हवा ढकलणाऱ्या मोठ्या पंख्याच्या यंत्राचा) सिलेक्टर स्विच ‘ऑटो’वरून, म्हणजे वेळापत्रकाने आपोआप चालण्यावरून, ‘हँड’वर, म्हणजे हाताने सतत चालू ठेवण्यावर, टाकलेला असतो आणि तो परत फिरवायचा राहून जातो. त्या क्षणापासून संगणकावरचे वेळापत्रक निरुपयोगी ठरते. पडद्यावर ‘बंद’ दिसते आणि पंखा मात्र फिरत असतो. ५ किलोवॉट घेणारा असा एक पंखा वर्षभर फिरला तर ४३,८०० युनिट खातो. खरी गरज २,५०० तासांची असेल तर १२,५०० युनिटांत काम भागते. यावर उपाय म्हणजे ‘हँड’ स्थिती ठरावीक तासांनी आपोआप रद्द होईल अशी सोय करणे. तेवढे होईपर्यंत पाळीच्या शेवटी प्रत्येक स्विचची स्थिती वहीत नोंदवावी.

दुसरी मोठी जागा म्हणजे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा, आणि तिकडे फार कमी लोक पाहतात. दीड मीटर रुंदीच्या फ्यूम हूडची (विषारी वायू ओढून बाहेर टाकणाऱ्या, काच लावलेल्या कपाटाची) पुढची सरकती काच ४५ सेंटिमीटर उघडी आणि तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, तर तासाला सुमारे १,२०० घनमीटर हवा बाहेर फेकली जाते. १० बाय ८ मीटरचा, ३ मीटर उंचीचा वर्ग २४० घनमीटरचा असतो. म्हणजे एकच हूड तासाला पाच वर्गांइतकी थंड केलेली हवा धुराड्यातून घालवतो. काच खाली ओढा, अशी पाटी लावून भागत नाही. जुन्या, स्थिर प्रवाहाच्या हूडमध्ये काच बंद केली की तीच हवा वरच्या बायपास जाळीतून आत येते आणि बचत शून्य होते. काचेच्या उंचीप्रमाणे हवा कमी करणारा झडपेचा नियंत्रक, पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आणि त्याच प्रमाणात आत येणाऱ्या हवेवर नियंत्रण, ही तिन्ही कामे एकत्र केली तरच उपयोग होतो. पुरवठा तसाच राहिला तर खोलीतला दाब वाढून वायू कॉरिडॉरमध्ये येतात. सुरक्षिततेसाठी ठरलेल्या किमान प्रवाहाखाली मात्र कधीही जाऊ नये. त्याच मजल्यावरचे उणे ८० अंशांचे फ्रीझर, नमुन्यांना चालत असेल तिथे उणे ७० वर ठेवले तर त्यांची वीज साधारण ३० टक्क्यांच्या आसपास घटते. मागची धूळ भरलेली जाळी साफ करायला तर काहीच खर्च नाही.

थंड पाण्याच्या पंपांना व्हीएफडी लावूनही बिल उतरत नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. बसवताना ड्राइव्ह ५० हर्ट्झवरच, म्हणजे पूर्ण वेगावरच, सोडलेला असतो आणि पूर्वी प्रवाह आवरायला अर्धा बंद केलेला व्हॉल्व्ह तसाच राहिलेला असतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून वेग ८० टक्क्यांवर आणला तर बंद चक्रात तेच पाणी फिरवणाऱ्या पंपाची वीज जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला हा हिशेब लागू नाही.

दिव्यांच्या सेन्सरबद्दल एवढेच सांगतो: फक्त हालचालीवर चालणारा सेन्सर परीक्षेच्या दालनात नको, शांत बसलेल्या मुलांवर अंधार होतो. दिवा माणसाने लावावा आणि शेवटची हालचाल थांबल्यावर १५ ते २० मिनिटांनी सेन्सरने विझवावा, ही रचना वर्गांत टिकते. पॅनेल बसवण्याआधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग उरकावे. नंतर गळती निघाली तर सगळा सांगाडा उतरवावा लागतो.

हे सगळे टिकायचे तर प्रत्येक इमारतीला स्वतंत्र उपमीटर हवा. एकाच मीटरवर अख्खा परिसर चालला की कोणत्याच विभागाला आपला वापर कळत नाही. उपमीटर बसवताना सीटीचे (मोठा प्रवाह मीटरला मोजता येईल इतका लहान करून देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचे) गुणोत्तर चुकीचे भरले जाते किंवा एखादी सीटी उलटी बसते, म्हणून दरमहा सर्व उपमीटरांची बेरीज मुख्य मीटरशी जुळवून पाहावी.

या कामांच्या निविदेत आमच्या मते एक अट आवर्जून घालावी: कामाची शेवटची दहा टक्के रक्कम १२ महिन्यांच्या प्रत्यक्ष मीटर नोंदी पाहूनच द्यावी, आणि त्या नोंदी इमारतनिहाय, दर चौरस मीटरमागे किती युनिट या हिशेबाने विद्यापीठाने दरमहा आपल्या संकेतस्थळावर टाकाव्यात.

– विद्यापीठ परिसराच्या विद्युत व वातानुकूलन देखभालीतील अभियंते