‘इमिजिएटली’चे 19 दिवस

संपादक महाशय,

केळीच्या बागेतल्या पंपाला वीज मिळेना म्हणून अर्ज दिला, तर त्यावर लाल शाईत ‘इमिजिएटली’ असा शेरा पडला. त्याला आज 19 दिवस झाले. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, खोड जात नाही, म्हणून सांगतो. हा शब्द मूळचा लॅटिन. ‘इन’ म्हणजे नाही, ‘मेडिअस’ म्हणजे मधला. पुढच्या ‘म’मुळे ‘इन’चा ‘इम’ झाला. ज्याच्या मधे काहीच नाही, ते इमिजिएट. लगतच्या शेजाऱ्यालाही इंग्रजीत हाच शब्द लावतात. गंमत म्हणजे तो ‘मेडिअस’ आणि आपला ‘मध्य’ ही सख्खी भावंडं, एकाच आदिभाषेची लेकरं.

माझ्या अर्जाच्या मधे मात्र तीन टेबलं, रजेवर गेलेले साहेब आणि ‘काका, मी करून देतो’ म्हणणारा टपरीवरचा एक गृहस्थ आहे. मे महिन्यातलं रावेरचं ऊन आपल्याला ठाऊक आहेच. पानं करपली, काल दोन घड दांड्यापासून सटकून खाली पडले. पुढच्या वेळी शेरा मराठीत द्यावा. ‘बघू’ एवढंच लिहिलं तरी चालेल.

– एक निवृत्त शिक्षक, ता. रावेर, जि. जळगाव