होकार एका बटणात, नकार चौदा बटणांत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढी एकादशीला माझ्या सासूबाई पहाटेच आंघोळ करून टीव्हीसमोर बसतात. वय ८१, गुडघे गेलेले, वारी केव्हाच सुटली. विठ्ठलाचं थेट दर्शन घरबसल्या मोठ्या पडद्यावर घेता यावं, म्हणून गेल्या दसऱ्याला आम्ही ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला, रोख ३१ हजार मोजून. यंदा त्यांनी हात जोडले, मी रिमोट दाबला आणि अर्धा पडदा व्यापून एका मारधाडीच्या वेबसिरीजची जाहिरात सुरू झाली. रक्ताने माखलेला सुरा आणि वर किंकाळी. दर्शनाचं ॲप खाली कुठेतरी ढकललेलं. मी बटणं दाबत होते, तोवर त्यांनी डोळे मिटून घेतले. "बंद कर गं ते," एवढंच म्हणाल्या.

चॅनेलवरच्या जाहिरातींबद्दल माझं काही म्हणणं नाही. कार्यक्रम त्यांच्यावर चालतात आणि केबलच्या नियमांत त्यांना तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. पण टीव्ही चालू करताच दिसणारी ही जाहिरात कुठल्याच कार्यक्रमाचा खर्च भागवत नाही. संच आम्ही पूर्ण पैसे देऊन घेतला आहे. शिवाय घेतला तेव्हा ती नव्हतीच. मध्ये एकदा रात्री अपडेट झालं आणि सकाळपासून पडद्याची मांडणीच बदलली. सासूबाईंनी कुठलं बटण किती वेळा दाबायचं ते पाठ केलं होतं, तेही वाया गेलं.

तक्रार केल्यावर सर्व्हिस सेंटरचा मुलगा घरी आला. स्वभावाने चांगला. म्हणाला, "काकू, हा बिघाड नाही. कंपनीचं सॉफ्टवेअरच असं आहे. तुम्ही सुरुवातीला ॲक्सेप्ट केलंय."

खरं आहे, केलं होतं. टीव्ही भिंतीवर लागला त्या संध्याकाळी पडद्यावर इंग्रजीत लांबलचक मजकूर आला आणि खाली 'सगळं मान्य' अशा अर्थाचं मोठं निळं बटण. घरात पेढे वाटणं चाललं होतं, माझ्या मुलाने ते दाबलं. त्या एका दाबण्यात आम्ही काय देऊन बसलो, ते सर्व्हिस सेंटरच्या मुलाने समजावलं तेव्हा कळलं. अनेक स्मार्ट टीव्हींत पडद्यावरच्या चित्राचे आणि आवाजाचे बारीक नमुने घेऊन आपण काय पाहतो हे ओळखणारी यंत्रणा असते. सेट टॉप बॉक्सवरून पाहिलेलंही तिच्या नजरेतून सुटेलच असं नाही. ही माहिती जाहिरातदारांच्या कामी येते. आमचं घर दहा बाय बाराच्या खोलीचं. जेवण, अभ्यास, पाहुणे, आजारपण सगळं टीव्हीसमोरच. तिथे कोणी आपली टिपणं ठेवत बसावं, हे मला सहन होत नाही.

ती सोय बंद करायला मी बसले आणि रिमोटची बटणं मोजली. होकाराला एक, नकाराला चौदा. मेनूत खोलवर, ज्याच्या नावावरून काही कळणार नाही अशा पर्यायाखाली. एवढं करूनही जाहिराती गेल्या नाहीतच, त्या फक्त 'आमच्या आवडीनुसार' येणं थांबलं. शेवटी वायफायच तोडलं. आता सासूबाईंना दर्शन हवं असेल तेव्हा जोडते आणि पडदा स्थिर होईपर्यंत टीव्हीसमोर उभी राहते.

अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवरून लोकांचं पाहणं असंच न विचारता टिपलं. २०१७ मध्ये तिला २२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवावं लागलं. आपल्याकडेही कायदा नाही असं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. संमतीसाठीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची मुभा हवी, म्हणजे मराठीतही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण यातल्या बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली आहे. तोवर आमच्यासारख्यांनी चौदा बटणं दाबत राहायचं का? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्येच ग्राहकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी काढली. सारखं मागे लागणं आणि जबरदस्तीने काही करायला लावणं, या दोन्ही त्यात आहेत. ती यादी टीव्हीच्या पडद्यालाही लावून पाहावी.

टीव्हीच्या खोक्यावर विजेच्या बचतीचे तारे छापतात, तसंच 'या संचाच्या पडद्यावर जाहिराती दिसतील' आणि 'आपण काय पाहता याची नोंद होईल' हेही मराठीत ठळक छापणं सक्तीचं करावं. दुकानात उभं असताना ते वाचलं असतं, तर आम्ही दुसरा संच पाहिला असता. 'मान्य' आणि 'नको' ही बटणं एकाच आकाराची, शेजारी शेजारी असावीत. अपडेटने जाहिराती येणार असतील तर आधी विचारावं आणि 'नको' म्हटलं तरी टीव्ही पूर्वीसारखा चालावा. मुंबई ग्राहक पंचायतीने हा विषय हाती घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी स्वतः १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ज्यांच्या घरी असंच घडतंय, त्यांनीही नोंदवावी.

आपली,
एक वाचक, कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई