आप्पा, तुम्ही व्हॉल्व्ह बदलला नाही म्हणून

आदरणीय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर "जाऊ दे भो" म्हणत तुम्ही पाना उचलून दुसऱ्या गाडीकडे वळला असतात. म्हणून लिहून कळवतोय. आणि पत्र सगळ्यांसमोर ठेवतोय, कारण आपल्या जळगाव-धुळ्याकडे जुन्या डिझेल गाड्या सांभाळणारी माणसं पुष्कळ आहेत. तुम्ही काय केलं ते त्यांनाही कळायला हवं.

माझी गाडी २०१२ ची, धुराच्या भारत स्टेज ३ नियमांतली. पाचोऱ्याहून चाळीसगावपर्यंत सपाट रस्त्याला काही जाणवायचं नाही. कन्नडचा घाट लागला की मात्र दम जायचा. पाय दाबला की पिकअपऐवजी मागे काळा धूर. आईला तपासणीला संभाजीनगरला न्यायचं तर वाट हीच. पुढे भरलेला ट्रक, मागे हॉर्न देणारी बस, आणि आई विचारतेय, "गाडी चढेल ना रे?" चेक इंजिनचा दिवा लागलेलाच असायचा. स्कॅनरवर कोड एकच यायचा, पी ०४०१. म्हणजे जळालेला थोडा धूर इंजिनात परत सोडणारी जी वाट असते, ईजीआर, तिच्यातून धूर पुरेसा परत येत नाही.

कोडमध्ये ईजीआरचं नाव आलं म्हणून एका गॅरेजने ईजीआर व्हॉल्व्हच नवा टाकला. दिवा विझवून दिला, तो पुन्हा लागला. दुसरीकडे सांगितलं, "पत्री मारून बंद करून टाका, कटकट संपली." म्हणजे ईजीआरच्या वाटेत पत्र्याचा तुकडा बसवून ती बुजवायची. तुमच्याकडे आलो तेव्हा खरं तर पत्री मारण्याच्याच विचारात होतो. तुम्ही बॉनेट उघडलं आणि म्हणालात, "थांब भो, पहिले देखू दे."

हे 'पहिले देखू दे' म्हणजे काय, ते मी तुमच्या शेजारी उभं राहून पाहिलं. इंजिन गरम होऊ दिलंत. मग व्हॉल्व्हवरचा व्हॅक्यूमचा पाइप काढून तिथे हवा ओढून घेणारा, हाताने दाबायचा छोटा पंप लावलात. पंपावरचा काटा वर गेला आणि तिथेच थांबला. तुम्ही म्हणालात, डायफ्रॅम, म्हणजे व्हॉल्व्हमधला रबरी पडदा, फाटलेला असता तर काटा खाली आला असता. इंजिन आयडलवर चालूच होतं. व्हॉल्व्ह उघडला तसा इंजिनचा आवाज जड झाला आणि स्कॅनरवर ताज्या हवेचा आकडा खाली उतरला. पंपाचा व्हॅक्यूम सोडला, आकडा परत वर. एवढ्यात व्हॉल्व्हही निर्दोष ठरला आणि धुराची वाटही मोकळी असल्याचं सिद्ध झालं. पुढे सोलेनॉइडचा, म्हणजे व्हॉल्व्हला व्हॅक्यूम देणाऱ्या विजेच्या स्विचचा, पाइप बोटावर धरून व्हॅक्यूम येतोय का तेही पाहिलंत. येत होता. "व्हॉल्व्ह चांगला शे," तुम्ही म्हणालात, "आते वारा कोठे जास ते देखूत."

मग तुम्ही टॉर्च घेऊन खाली वाकलात आणि इंटरकूलरकडून (टर्बोने दाबून पाठवलेली हवा थंड करणारी जाळी) इंजिनकडे येणाऱ्या जाड रबरी होजच्या खालच्या अंगाने हात फिरवलात. हात बाहेर आला तो तेलकट, आणि त्या तेलावर आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बसलेली. टर्बोच्या वाऱ्यासोबत तेलाची थोडी वाफ नेहमीच असते. पण ती होजच्या आत असायला हवी. बाहेर आली म्हणजे कुठेतरी तोंड उघडलंय. वरून होज अगदी धडधाकट दिसत होता. तुम्ही हवेच्या वाटेला एका बाजूने बूच लावून कॉम्प्रेसरची हवा बेताने सोडलीत आणि होजवर साबणाचं पाणी ओतलंत. क्लॅम्पच्या मागे, खालच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी चीर होती. त्यातून फेस उसळला. दाब नसताना ती चीर मिटलेली राहायची, म्हणून आजवर कुणाच्या नजरेत आली नाही.

होज फाटला तर कोड ईजीआरचा का येतो, हे मी विचारलं. हातातलं काम थांबवून तुम्ही ते समजावलंत, त्याबद्दल वेगळे आभार. हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरपाशी, म्हणजे टर्बोच्याही आधी. चीर त्याच्या पुढे. सेन्सरने हवा मोजली आणि त्यातली काही इंजिनपर्यंत न पोहोचता वाटेतच निसटली. इंजिनच्या कॉम्प्युटरचा हिशोब असा, की ईजीआर उघडला की परत आलेला धूर जागा घेतो, म्हणून ताजी हवा कमी ओढली जायला हवी. इथे तर मोजलेली हवा जास्तच दिसतेय. मग तो समजतो, धूर परत येतच नाही. लावतो कोड पी ०४०१, आणि व्हॉल्व्ह आणखी उघडायला बघतो. डिझेल मात्र तो मोजलेल्या हवेच्या भरवशावर सोडतो. प्रत्यक्षात हवा कमी, म्हणून काळा धूर. घाटात टर्बोचा दाब वाढला की चीर आणखी फाकणार, म्हणजे नेमका तिथेच दम जाणार. माझ्या सगळ्या तक्रारींचा उलगडा त्या एका चिरेत झाला. नवा व्हॉल्व्ह टाकून दिवा परत का लागला, तेही कळलं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायलाच नको. रबर कडक होतं आणि क्लॅम्पपाशी चिरतं. म्हणून जुन्या गाडीवर ईजीआरचा कोड आला तर व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी हवेचे होज आणि व्हॅक्यूमचे बारीक पाइप हाताने चाचपून बघा, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

पत्रीचं तर विशेष लिहायचं आहे. मी विचारलं तेव्हा तुम्ही सरळ नाही म्हणालात. पत्री मारली असती तरी चीर तशीच राहिली असती, घाटात गाडी तशीच रडली असती, हे झालं कामाचं कारण. पण तुम्ही दुसरंही सांगितलंत. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. इंजिनमध्ये फार उष्णता झाली की तो ऑक्सिजनशी जुळतो आणि फुफ्फुसांना त्रास देणारे वायू तयार होतात. जळून गेलेला थोडा धूर परत आत सोडला की ज्वलनाची उष्णता उतरते, हे वायू कमी होतात. ईजीआर आहे तो एवढ्यासाठीच. पीयूसीच्या वेळी डिझेल गाडीचा धूर किती दाट एवढंच बघतात, हे वायू मोजले जात नाहीत. म्हणजे पत्री मारलेली माझी गाडी पास झाली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता. तुम्हाला हे पक्कं माहीत होतं, तरी तुम्ही नाही म्हणालात. आईला दम्याचा त्रास आहे. गाडी तिच्यासाठीच फिरते आप्पा, त्यामुळे तुमचा तो नकार मला फार मोठा वाटला.

आधीच्या गॅरेजने काढून दिलेला जुना व्हॉल्व्ह डिकीत पडला होता. मी भंगारात टाकणार होतो, तुम्ही मागून घेतलात. पंप लावून पाहिलात, डायफ्रॅम शाबूत. दांडीवर आणि सीटवर डांबरासारखा कार्बन चढला होता. क्लीनर आणि पितळी ब्रशने तुम्ही तो उतरवलात, रबराला क्लीनर लागू नये म्हणून ते अंग वर धरून. दांडी सहज खालीवर व्हायला लागल्यावरच फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलात, म्हणालात, जपून ठेव, कामाला येईल. तो आता घरी कपाटात आहे. बिलात होज, दोन क्लॅम्प आणि मजुरी, एवढंच. एक पार्ट नवा विकून मोकळं होणं किती सोपं होतं!

त्यानंतर घाट चढलो. धूर नाही, दिवा नाही, आणि आईने काही विचारलंही नाही.

तुमच्याकडे शिकणारा तो पोऱ्या टॉर्च धरून सगळं बघत होता. त्याला पुढच्या गाडीवर व्हॅक्यूमचा पंप स्वतः लावू द्या, ही माझी विनंती. या जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं चालवायच्या आहेत. आमच्या शेजारच्यांच्या गाडीलाही हाच कोड आलाय, त्यांना तुमच्याकडे पाठवतोय. व्हॉल्व्ह घेऊन येऊ नका, असं मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय. मी स्वतः आखाजीच्या आधी येतो, उन्हाळा तापायच्या आत सगळे पाइप एकदा बघून घ्या. आणि थंडीत मळ्यात भरीत करू तेव्हा पोऱ्याला घेऊन या. आईचं खास बोलावणं आहे.

तुमचा,
पाचोऱ्याचा एक शेतकरी