बुधवारी ये, पण मोटरसायकलवर नको

भिलवडी, १३ नोव्हेंबर २०२४

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला तू फराळाचा डबा तसाच ठेवून गेलास. आईनं दोन दिवस तो कपाटावरून हलवला नाही. मी आवाज चढवला, ते चुकलंच माझं. फोनवर नीट बोलणं होत नाही आपलं, म्हणून हे लिहितोय.

तू बुधवारी विधानसभेच्या मतदानाला येतोयस हे आईकडून कळलं, बरं वाटलं. पण मंगळवारी ड्यूटी सुटल्यावर गाडी मारत येणार म्हणालास म्हणे. ते करू नकोस. कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलाय. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. विठ्ठलकाकाचं आठव. बास, या विषयावर जास्त लिहीत नाही.

मतदान सकाळी ७ ते संध्याकाळी ६. सहाच्या आत रांगेत उभा राहिलास तरी हक्क जात नाही, रांगेतल्यांना चिठ्ठ्या देतात. म्हणजे जिवावर उदार होऊन पहाटे पोचायची काही गरज नाही. तुझं कार्ड माझ्याकडे आहे. रूमवरून आधार नाहीतर लायसन तेवढं आण. मोबाईल केंद्रावर नेता येत नाही, घरी ठेवू.

एका मतानं काय होतंय, असं तू म्हणालास. मी १९ वर्षांचा होतो तेव्हा, १९८९ ला, मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, म्हणून मला त्या वर्षी मत देता आलं. तुझे आजोबा मला सायकलवर डबलसीट घेऊन गेले होते. येताना मी शाई लागलेलं बोट वर धरून बसलो होतो, सुकू दे म्हणून.

आणि आजीचं २०१९ चं आठवतं का? ऑगस्टात पुराचं पाणी माळ्याला लागलं. रेशनकार्ड, मतदान कार्ड सगळं चिखलातून काढून आईनं तव्याच्या उबेला सुकवलं. ऑक्टोबरात आजी तेच कार्ड घेऊन गेली, तर आतला माणूस म्हणाला, "आजी, तुमचं मत झालंय." बोट कोरंच होतं तिचं. ती काही न बोलता परत आली आणि चुलीपुढं बसून राहिली. आपल्या नावावर दुसऱ्यानं मत टाकलं असेल, तर ओळख पटवून कागदी मतपत्रिकेवर टेंडर व्होट देता येतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी द्राक्षात औषध मारत होतो. तिच्याबरोबर गेलो असतो तर भांडून मागितलं असतं. ते मला अजून खातंय. म्हणून तुझ्यावर ओरडलो, तुझ्यावर राग नव्हता.

आता ८५ च्या वरच्यांचं मत घरी येऊन घेतात. आजी ८६ ची, पण ती ऐकायला तयार नाही. "मी माझ्या पायानं जाणार, सुहास धरील मला." मशीनशेजारच्या काचेत आपल्या मताची चिठ्ठी ७ सेकंद दिसते, ती तिला नीट बघायचीय. मोतीबिंदू काढल्यापासून तिला लांबचंही दिसतंय. इरकल लुगडं कालच उन्हात टाकलं.

कुणाला द्यायचं ते तू ठरव. मी विचारणार नाही. चार माणसांत शिकून-सवरून उभा राहिलास, तुला कळतंय. गल्लीतल्या कुणी पाकिटाची गोष्ट काढली तर ऐकून घेऊ नकोस, एवढंच. झालं, परत उपदेश सुरू झाला माझा. राग मानू नकोस.

आज पहाटे कृष्णेवर इतकं धुकं होतं की बागेच्या टोकाचा खांब दिसेना. द्राक्षावर दावण्या रोग पडेल या भीतीनं उठलो आणि घडांऐवजी तुझाच विचार करत उभा राहिलो. खंबाटकी घाटात काय असेल? परत जाताना तर बोगद्यापुढचं ते वळण आहे.

स्वारगेटहून रात्रीची एसटी धर. इस्लामपूरला उतर, किती का वाजेनात, मी स्टँडवर असेन. आईनं चकल्या पुन्हा केल्यात.

तिकीट काढलंस की कळव. गाडीची किल्ली रूमवरच ठेव.

तुझा,
आबा