गुरुवारच्या तपासणीआधी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

गुरुवारी आईच्या हृदयाच्या तपासणीला मी मराठी दुभाषी मागवलाय. तुम्हाला न विचारता मागवला, म्हणून आधी माफी मागते. आई, मला तुझा कंटाळा आलाय असं मनात आणू नकोस. मी येणार आहे, तुझा हात धरून शेजारी बसणार आहे. फक्त डॉक्टरांचं बोलणं तुला मी सांगणार नाही.

कारण ते काही वाईट बोलले तर मी गाळीन. एकदा गाळलंय.

आठवीतली पालकसभा. बाबा, तुम्ही कामावरून थेट आलात, इस्त्रीचा शर्ट गाडीतच बदललात. बाई तुमच्याशी मोठ्यानं, तोडून तोडून बोलत होत्या, तुम्हाला ऐकू येत नसल्यासारखं. म्हणाल्या, हिचे उच्चार कुणाला कळत नाहीत, वरच्या गणिताच्या वर्गाचा नाद सोडा, घरी तुमची भाषा बंद करा. त्या सहामाहीत गणितात मी वर्गात पहिली होते. तरी मी तुम्हाला काय सांगितलं? ‘बाई म्हणतात हुशार आहे, जरा मोठ्यानं बोलायला हवं.’ तुम्ही उठून त्यांना हात जोडलेत. ते जोडलेले हात अजून डोळ्यांसमोर येतात.

बसमधली मुलं माझ्या बोलण्याची नक्कल करायची, तेही घरी कधी बोलले नाही. तक्रार करायची तर ऑफिसात ती इंग्रजीत मलाच सांगावी लागणार, आणि त्यांचं उत्तर तुम्हाला मराठीत पुन्हा मीच. तेरा वर्षांची होते, नाही जमलं.

यात तुमचं काही चुकलं नाही, खरंच. चुकलं शाळेचं. अमेरिकेत 1964 चा नागरी हक्क कायदा आहे. 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याच कायद्यावर बोट ठेवून सांगितलं, की इंग्रजी न येणाऱ्या मुलांना तसंच वर्गात बसवून ठेवणं चालणार नाही. पालकांना कळेल अशा भाषेत त्यांच्याशी बोलणं हेही शाळेचंच काम. आपल्याला कुणी सांगितलंच नाही. रुग्णालयाचंही तसंच: सरकारी पैसा घेणाऱ्यांनी दुभाषी फुकट द्यायचा, आणि अगदी जिवावरचा प्रसंग सोडला तर लहान पोराला ते काम लावायचं नाही. तेव्हा बाबा, ‘उगाच कुणाला त्रास’ हे तोंडातून काढायचं नाही.

बँकेचे फॉर्म भरताना तुम्ही मला ‘आमची वकीलीण’ म्हणायचात, तेव्हा मी फुगून जायचे. आई, पत्र वाचून झालं की तू माझ्या केसांवरून हात फिरवायचीस. तो हात मला अजून हवाय. म्हणून तर गुरुवारी नुसती मुलगी म्हणून बसायचंय.

आता ऐका. गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत घाला, बंद केलेल्यासुद्धा. चष्मा विसरू नका. बाबा, आईच्या वतीनं उत्तरं द्यायची नाहीत. दुभाष्याकडे नाही, डॉक्टरांकडे बघून बोलायचं. मी साडेनऊला गाडी घेऊन येते, खाली येऊन उभे राहू नका, वर येते.

आणि आई, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, हे सांग. ‘बरी आहे’ म्हणू नकोस.

तुमची,
मनू