पंचगंगा स्मशानभूमीतल्या त्या मामांना

मामा, नमस्कार. तुमचं नाव मला माहीत नाही. मे 2021 मधे तुम्ही पंचगंगा स्मशानभूमीत रात्रीच्या ड्युटीला होता, अंगावर पीपीई किट होतं आणि आवाज जरा घोगरा, एवढीच खूण माझ्याकडं आहे. कोल्हापुरातल्या कुणाला यावरनं ओळख पटली तर प्लीज त्यांना हे वाचून दाखवा.

त्या रात्री तुम्ही ज्याला अग्नी दिलात तो माझा शाळेतला मित्र. तेव्हा तुमच्याकडं एकामागनं एक ॲम्ब्युलन्स येत होत्या, आत कोण आहे कुठला आहे हे तुम्हाला कळणार तरी कसं, बॅगेवर चिकटवलेली चिठ्ठी तेवढीच. म्हणून मला वाटलं आभार मानायचे तर तो कोण होता हे आधी तुम्हाला सांगावं.

आम्ही त्याला गोली म्हणायचो. आठवीपासनं शाळेच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर, उंचीनं बेताचाच पण उडी अशी मारायचा की शाहू स्टेडियमवर मोठ्या टीमचे लोक सुद्धा थांबून बघायचे. तो पाटाकडील तालमीच्या टीमचा कट्टर आणि मी शिवाजी मंडळाच्या टीमचा, त्यामुळं मॅचच्या दिवशी आमचं बोलणं बंद, आणि संध्याकाळी खासबागेत भेळ खाताना परत चालू. आता कोल्हापूरच्या माणसाला हे काय वेगळं सांगायला नको.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. मी शाळेत अडखळत बोलायचो, लै अडखळायचो, शब्दाचं पहिलं अक्षरच बाहेर यायचं नाही. मराठीच्या तासाला सर ओळीनं एकेकाला धडा वाचायला उठवायचे आणि माझा नंबर जवळ आला की माझे हात गार पडायचे. तर हा पुढच्या बाकावरनं उठायचा आणि म्हणायचा सर मी वाचू का. त्याला वाचनाची काडीची आवड नव्हती, जोडाक्षर आलं की तोच अडायचा, पोरं हसायची त्याला, तरी दरवेळी उठायचा. मी कधी सांगितलं नव्हतं त्याला उठ म्हणून.

नववीत त्यानं मला ओढून टीममधे घेतलं आणि बॅकला उभं केलं, मला धड किक मारता येत नव्हती तरी. म्हणला तुझं काम फक्त ओरडायचं, डावीकडं माणूस मोकळा आहे, पुढं ये, बॉल सोड, जे दिसेल ते ओरडायचं. आणि मामा खरं सांगतो, ओरडताना माझं अडायचंच नाही! अडखळणाऱ्या बऱ्याच जणांचं असं असतं, गाताना ओरडताना सुटतं, हे मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं, पण ह्या पोराला ते नववीत कसं कळलं कुणास ठाऊक. त्यानं नुसतं माझ्याकडं नीट लक्ष दिलं असणार. आज मी पुण्यात कंपनीत पन्नास माणसांसमोर उभा राहून बोलतो, ते त्या गोलपोस्टपुढं सुरू झालं.

दहावीनंतर तो आयटीआयला गेला, मग उद्यमनगरात लेथवर कामाला, आणि काही वर्षांनी स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. 2019 च्या पुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं तेव्हा हा छातीभर पाण्यात उभा राहून लोकांच्या गणपतीच्या मूर्ती वरच्या मजल्यावर चढवत होता, मला कळलं ते दुसऱ्यानं पाठवलेल्या फोटोवरनं, स्वतः एक शब्द बोलला नाही.

आणि मग तो मे महिना. त्याची बायको आणि आई दोघी पॉझिटिव्ह, घरातच बंद, मी पुण्यात पॉझिटिव्ह, बाकीचे मित्र कुणी बेड शोधतंय कुणी ऑक्सिजन. तिथं यायला एकटा चुलतभाऊ, तो पण किटमधे घामानं भिजून चक्कर येऊन खाली बसलेला. त्यानं मला फोन लावला आणि तुमच्या हातात दिला. तुम्ही विचारलंत, नाव काय हो ह्यांचं, पूर्ण नाव सांगा. आणि माझं अडलं. इतक्या वर्षांनी, त्याचंच नाव, पहिल्या अक्षरावरच. मागं दुसरी ॲम्ब्युलन्स लागल्याचा आवाज मला फोनवर येत होता आणि तुम्ही म्हणालात, "सावकाश सांगा दादा, मी हाय हितंच." मी सांगेपर्यंत तुम्ही थांबलात. मग ते नाव मोठ्यानं घेतलंत, आई आहे का म्हणून विचारलंत, तिच्या नावानं पाणी सोडलंत, शेणी, म्हणजे गोवऱ्या, नीट रचून घेतल्यात आणि मगच अग्नी दिलात.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडायला घरचं कुणीच येऊ शकलं नाही. तुम्ही अस्थी मडक्यात भरून, फडकं बांधून, वर मार्करनं नाव लिहून बाजूला ठेवलंत आणि चुलतभावाला फोन करून सांगितलंत की काळजी करू नका, घरातले बरे झाले की न्या. काकू, म्हणजे त्याची आई, बऱ्या झाल्यावर ते मडकं त्यांच्याच हातात गेलं. काकू आजही म्हणतात, माझ्या पोराला परक्यानं पोचवलं नाही. मामा, ते वाक्य त्यांना तुमच्यामुळं म्हणता येतं. ज्यांच्या घरात त्या दिवसांत माणूस गेलं त्यांनाच कळेल ह्याची किंमत काय ते.

आपल्या कोल्हापुरात अंत्यसंस्काराला महापालिका पैसे घेत नाही, होळीला लोक शेणी दान करतात त्यावर कितीतरी माणसांचं शेवटचं होतं, हे मी पुण्यातल्या लोकांना सांगतो तेव्हा त्यांना पटत नाही. मला स्वतःला लहानपणापासनं हे माहीत होतं पण त्या शेणींवर माझा मित्र निजेल असं कधी मनात आलं नव्हतं. आता आमची दहावीची बॅच होळी लहान करते आणि गल्लीगल्लीतनं शेणी गोळा करून गोलीच्या नावानं तुमच्याकडं पोचवते.

यंदा टेम्पोबरोबर मी स्वतः येणार आहे आणि ऑफिसात तुमची चौकशी करणार आहे. तुमची बदली झाली असेल, रिटायर झाला असाल, तरी शोधणार. काकूंनी निरोप दिलाय की त्यांना घरी जेवायलाच घेऊन ये, तांबडा पांढरा करते, घरच्यांना पण आणा म्हणावं. तेव्हा नाही म्हणू नका, रविवार तुम्हीच ठरवा.