रेसिडेन्सीला निघालेल्या मनूस

एडिसन, न्यू जर्सी
जूनचा शेवटचा आठवडा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

एक तारखेपासून तू रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टरकीच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी, ब्राँक्सच्या क्लिनिकात रुजू होणार. काय काय बरोबर न्यायचं त्याची यादी आई वेगळी पाठवते आहे, त्यात मी तोंड घालत नाही. मला लिहायचंय ते माझ्या फार्मसीच्या काउंटरवरून दिसलेलं. विषय मोठ्या माणसांची हेपॅटायटिस बीची लस, म्हणजे रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरणाऱ्या, लिव्हर बिघडवणाऱ्या काविळीची. तुमच्याकडे हा विषय स्लाइडवर येईल, टक्केवारीत. काउंटरवर तो माणसाच्या चेहऱ्यावर दिसतो.

आकडा तोंडपाठ असू दे. २०१८ च्या सरकारी पाहणीत १९ वर्षांवरच्या शंभरातल्या जेमतेम तिसांनी या लशीचे पूर्ण डोस घेतल्याचं सांगितलं. काळे आणि हिस्पॅनिक लोक गोऱ्यांच्या मागे, आणि परदेशात जन्मलेले इथे जन्मलेल्यांच्या मागे. लशीला मंजुरी मिळाली १९८१ साली. म्हणजे साथ नवी नाही, लस नवी नाही, तरी ही अवस्था.

यावर स्टाफरूममध्ये तुला एक उत्तर हमखास ऐकू येईल: या लोकांचा डॉक्टरांवर विश्वासच नसतो, लशीला घाबरतात. काळ्या लोकांचा विश्वास उडण्यासारखं इथल्या डॉक्टरांनी केलेलंही आहे, ते मी नाकारत नाही. पण माझ्यासमोर येणारी बहुतेक माणसं लस नाकारायला आलेली नसतातच. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. किंवा अशा तऱ्हेने विचारलेलं असतं की कुणीही 'नको' म्हणेल.

दहाएक वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, फ्लूच्या लशीचा हंगाम, रांग पार शांपूच्या रॅकपर्यंत. साताऱ्याकडचे एक काका, पन्नाशीतले, बीपीची गोळी दर महिन्याला माझ्याकडूनच नेणारे. म्हटलं, फ्लूबरोबर हेपॅटायटिस बीचंही बघू. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ही लस सरसकट मोठ्यांना नव्हती, 'जोखमी'तल्यांनाच होती. जोखीम ठरवायची कशी? नशेची सुई टोचून घेता का, सहा महिन्यांत एकाहून जास्त जोडीदार होते का, पुरुषांशी संबंध आहे का. काकांच्या मागे काकू उभ्या, काखेत पर्स, हातात दोघांचे फॉर्म. माझी काय बिशाद! पण २०११ मध्ये त्या यादीत साठीच्या आतल्या मधुमेहींची भर पडली होती. "काका, शुगर आहे का?" "आहे की!" काकूंनीच उत्तर दिलं. सुटलो.

त्यांच्या मागचा माणूस घानाचा, टॅक्सी चालवणारा. त्याला शुगर नव्हती. पश्चिम आफ्रिकेत हेपॅटायटिस बी भारताहूनही जास्त आहे, त्यामुळे खरी गरज त्याला. मी आवाज खाली आणून पहिला प्रश्न विचारला. त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "माझ्याकडे बघून तुला असं वाटलं?" फ्लूचीही लस न घेता गेला.

आता तू सांग, यात त्याचा अविश्वास किती आणि आमच्या प्रश्नाचा दोष किती? ज्याला ठरलेला डॉक्टर आहे, दार लावून बोलायला खोली आहे, भाषा येते, तो असे प्रश्न पचवतो. बाकीचे निघून जातात. वर म्हणायचं, काळ्या लोकांत प्रमाण कमी आहे बुवा.

लहान मुलांचं बघ. १९९१ पासून प्रत्येक बाळाला ही लस द्यायची असं ठरलं आणि १९९४ पासून गरीब, इन्शुरन्स नसलेल्या मुलांच्या लशींचा खर्च केंद्र सरकारने उचलला. आईबापांचा रंग कोणता, धंदा कोणता, कुणी विचारत नाही. मुलांमधली दरी बघता बघता पुष्कळ बुजली. मोठ्यांसाठी मात्र तशी योजना नाही. इन्शुरन्स नसला तर प्रत्येक डोसचे पैसे खिशातून, आणि जुन्या लशीचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले. तेवढ्यात माणसाची नोकरी बदलते, शिफ्ट बदलते, इन्शुरन्स बदलतो. तिसऱ्या डोसला येईपर्यंत रांग निम्मी झालेली असते. २०१७ च्या शेवटी महिन्याच्या अंतराने दोनच डोसची लस मंजूर झाली. तुझ्या क्लिनिकात ती मिळत असेल तर तीच माग.

आणि अलास्का वाच. तिथल्या मूळच्या लोकांत हेपॅटायटिस बी आणि त्यातून होणारा लिव्हरचा कॅन्सर देशात सर्वांत जास्त म्हणावा असा होता. १९८१ मध्ये खेड्याखेड्यांतल्या दीड हजारांहून जास्त लोकांना लस देऊन बघितली, पुढे गावंच्या गावं तपासली, मुलांना आणि मोठ्यांना लस दिली. बर्फात, छोट्या विमानांनी जाऊन. मुलांमधला नवा संसर्ग जवळजवळ संपला. ज्यांच्यात रोग सर्वांत जास्त, त्यांच्यातच तो आटोक्यात आला. विश्वास नसतो, लोक दूर राहतात, ही कारणं तिथेही सांगता आली असती.

सरकारलाही हे उमगलं, उशिरा का होईना. २०२२ पासून १९ ते ५९ वर्षांच्या प्रत्येकाला लस द्यायची शिफारस आहे. आता मी फक्त वय विचारतो. साठीच्या पुढच्यांना जोखीम असेल तर द्यायची, नसली तरी मागितल्यास देता येते.

आता आपल्या लोकांविषयी. फॉर्मवर 'एशियन' असा एकच चौकोन असतो. त्यात फ्लशिंगच्या नेल सलूनमधली चिनी बाई, व्हिएतनामी म्हातारा, आपल्या गल्लीतला तेलुगू सॉफ्टवेअरवाला, त्याचा न्यू जर्सीत जन्मलेला मुलगा आणि साताऱ्याचे काका, सगळे कोंबलेले. सरासरी काढली की लसीकरण फार वाईट दिसत नाही. पण एशियन लोक इथे शंभरात सहा-सात, आणि जुनाट हेपॅटायटिस बी असलेल्यांत निम्म्याहून जास्त. त्या सरासरीवर विसंबू नकोस, जन्म कुठे झाला ते विचार.

भारतात ही लस सरकारी कार्यक्रमात २००२ च्या सुमारास थोड्या ठिकाणी आली आणि देशभर पोहोचली २०११ मध्ये. पुण्यात सीरम ही लस बनवते, पण माझ्या वयाच्या माणसाला ती लहानपणी कुठून मिळणार! आमच्याकडे कावीळ झाली की माळ घालायला न्यायचे. ती बहुतेकदा पाण्यातून आलेली ए किंवा ई असायची, आपली आपण बरी व्हायची आणि श्रेय माळेला जायचं. बी मात्र डोळे पिवळे न करताही वर्षानुवर्षं आत बसून राहते. आईकडून जन्मतःच लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांच्या अंगात ती कायमची राहते. मोठेपणी झाली तर शंभरात पाचांपेक्षा कमी. म्हणून आमच्या पिढीला नुसती लस पुरत नाही, आधीच लागण झालेल्याला तिचा उपयोग नाही. प्रत्येक प्रौढाची आयुष्यात एकदा तरी तीन भागांची रक्ततपासणी (लागण आहे का, होऊन गेली का, संरक्षण आहे का) करा, असं २०२३ पासून सांगितलेलं आहे.

पण 'आधी रिपोर्ट येऊ दे, मग लस बघू' असं मात्र करू नकोस. रिपोर्ट येतो, माणूस येत नाही. रक्त घे आणि त्याच भेटीत पहिला डोस दे. तशी मुभा आहे.

हेपॅटायटिस ए चंही रडगाणं असंच आहे, २०१७ मध्ये सॅन डिएगोत बेघरांमध्ये साथ आली तेव्हा लोक जागे झाले. त्यावर फोनवर बोलू.

ऑगस्टमध्ये मावशी येते आहे. तिला म्हटलंय, पुण्यातच तपासणी करून ये, इथे व्हिजिटर इन्शुरन्स या गोष्टीला विचारत नाही. ती म्हणाली, "मला काय झालंय?" तिला तू सांग, माझं ऐकत नाही.

पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी बघून मला कळव. क्लिनिकच्या फ्रिजमध्ये मोठ्यांचा डोस ठेवतात का, की प्रिस्क्रिप्शन देऊन माणसाला आमच्यासारख्यांकडे पिटाळतात? आणि नर्सला दर वेळी डॉक्टरची सही लागते, की स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे सगळ्यांसाठी एकदाच सही करून ठेवलेला आदेश, आहे? नसेल तर मसुदा मी पाठवतो, आमच्याकडचा तयार आहे.

तुझा,
बाबा